काजळीची जुनी गाळणी विकत घेतांना

ता. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत नव्या मोटारींस 'भारत स्टेज ६' हे धुराचे नियम लागू झाले, आणि डिझेल मोटारीच्या धुराच्या वाटेंत एक नवा भाग येऊन बसला. त्याचें नांव डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, संक्षेपानें डी. पी. एफ.; आपण त्यास काजळीची गाळणी म्हणूं. छत्रपती संभाजीनगरच्या भोंवतालीं ज्या बागाइतदारांच्या दारीं अशी गाडी आहे, त्यांस हा विषय उपयोगी पडेल. हमीची मुदत सरल्यावर गाळणी तुंबली तर नवी घेणें मोठ्या खर्चाचें काम. कारण तींत प्लॅटिनमसारखे मौल्यवान धातु असतात. म्हणून पाय जुन्या मालाच्या बाजाराकडे वळतात. त्यांत वावगें कांहीं नाहीं. मात्र बैल घेतांना दांत पाहावे, तसे या वस्तूचे दांत कोठें असतात हें ठाऊक पाहिजे.

गाळणीचें काम.— पत्र्याच्या डब्यांत मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची, चिनी मातीच्या जातीची एक वीट असते. एक भोंक पुढून बंद, तर शेजारचें मागून. त्यामुळें धुरास भिंतींतून झिरपूनच बाहेर पडावें लागतें व काजळी आंत अडकते. 'स्टेज ४' मध्यें डिझेल मोटारीस किलोमीटरामागें २५ मिलिग्रॅम कणांची मुभा होती, ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. सांचलेली काजळी गाडी स्वतःच सुमारें ६०० अंश सेल्सिअस उष्णतेनें जाळून टाकते. परंतु एंजिनाच्या तेलांतून येणारी राख जळत नाहीं. ती वर्षानुवर्षें सांचतच जाते. जुन्या गाळणीचें मोल ठरतें तें या राखेवर.

आधीं आपली गाळणी तपासावी.— गांव ते शिवार अशा दोन-चार किलोमीटरांच्या फेऱ्यांत धूर पुरेसा तापत नाहीं, काजळी जळत नाहीं व दिवा लागतो. अशा वेळीं गाडीच्या पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें समृद्धी महामार्गासारख्या मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटें एकसारख्या वेगानें गाडी चालविली असतां पुष्कळदां काम भागतें. काजळी जळत असतां मात्र कडब्याच्या गंजीजवळ किंवा वाळल्या गवतावर गाडी उभी करूं नये. आग लागण्याचें भय असतें. राखेनें भरलेली गाळणी भट्टींत तापवून व हवेच्या झोतानें झाडून साफ करतां येते. इंजेक्टर गळका असेल किंवा टर्बोंतून तेल येत असेल, तर आधीं तो दोष काढावा. नाहीं तर आणलेली गाळणीही त्याच वाटेनें जाईल.

जोड.— गाडीचें नांव एकच असलें, तरी सालागणिक व एंजिनागणिक गाळणी बदलते. 'याच गाडीची आहे' एवढ्या शब्दावर पैसे मोजूं नयेत. आपल्या डब्यावर कोरलेला क्रमांक उतरून घ्यावा. तो गंजून गेला असेल, तर चासी क्रमांक दाखवून कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानांतून मिळवावा. घ्यावयाच्या गाळणीवर तोच क्रमांक, किंवा कंपनीनें त्याऐवजीं दिलेला क्रमांक असावा. मग दोन्ही गाळण्या शेजारीं ठेवून तोंडांचा व्यास आणि सेन्सरांच्या जागा ताडून पाहाव्या.

पारख.— दोन्ही तोंडांत विजेरीचा उजेड पाडून पाहावें. धूर आंत शिरण्याची बाजू काळी असणें स्वाभाविक आहे. बाहेर पडण्याच्या बाजूस काजळी दिसली, तर वीट तडकली आहे असें समजावें. भोकें वितळलेलीं किंवा तेलानें ओलीं असतील, तर माल घेऊं नये. डबा हलविल्यावर खडखडला तर वीट सुटली. वजनही करावें: त्याच क्रमांकाच्या नव्या गाळणीहून फार जड ती राखेनें भरलेली, फार हलकी ती पोकळ. डबा कापून पुन्हां जोडल्याची रेघ दिसली, तर दुरूनच नमस्कार करावा.

पोकळ डब्याचा मोह.— आंतील वीट फोडून टाकण्याचा स्वस्त उपाय कोणी सुचवील. तो करूं नये. मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेशीं विसंगत फेरफार करूं देत नाहीं. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) प्रमाणें प्रदूषणाचा नियम मोडल्यास पहिल्याच गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. शिवाय ती बारीक काजळी आपल्याच अंगणांतील मुलाबाळांच्या छातींत जाते.

व्यवहार.— गाडी किती चालली होती व मोडीत कां निघाली, हें विचारावें. अपघातांत सांपडलेल्या कमी चालीच्या गाडीची गाळणी, एंजिन बिघडून मोडलेल्या गाडीच्या गाळणीहून बरी. या वस्तूंची चोरी होते, म्हणून मूळ गाडीचा नोंदणी क्रमांक घातलेली पक्की पावती व परत घेण्याची अट लेखी घ्यावी. बसवितांना पॅकिंगें नवीं घालावीं, व स्कॅनरानें गाडीच्या संगणकांतील राखेची नोंद दुरुस्त करून घ्यावी. तसें न केल्यास तो जुन्याच हिशेबानें चालतो. गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक त्याच वेळीं मोजावा. पुढें कंपनीनें नेमून दिलेलें कमी राखेचें तेलच वापरावें.

जुन्या गाळणीची किंमत, पॅकिंगें, स्कॅनर व मजुरी यांची बेरीज एका बाजूस आणि आपलीच गाळणी साफ करून घेण्याचा खर्च दुसऱ्या बाजूस मांडावा. पुष्कळ ठिकाणीं दुसरा आकडाच लहान निघेल. तो निघाला नाहीं, तरच वरील कसोट्या लावून बाजारांत जावें.