बोक्याच्या मापाची जमीन

इटलीतल्या विजेवानो गावच्या बारिवेल नावाच्या बोक्याला २०१८ साली टेप लावली, तेव्हा नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या शेंड्यापर्यंत तो १२० सेंटीमीटर भरला. तेव्हा हयात असलेल्यांपैकी जगातलं सर्वांत लांब पाळीव मांजर म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. हा बोका मेन कून जातीचा. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे, तिथल्या कडक हिवाळ्यात घडलेली ही जात. अंगावर दाट केस, कानांवर तुरे, शेपटी झुबकेदार. नर सहज आठ-नऊ किलोंचे होतात, काही त्याहूनही जड भरतात आणि पुरतं वाढायला त्यांना तीन ते पाच वर्षं लागतात. आपल्या गल्लीतलं मांजर साधारण तीन ते पाच किलोंचं असतं.

हे मेन कून आता मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्येही वावरतात. त्यांच्यासाठी घरात जे सामान येतं, त्यात सर्वांत कमी विचार करून घेतलेली वस्तू म्हणजे लिटर ट्रे. प्लास्टिकचं एक उथळ, पसरट भांडं, त्यात खडेदार माती, ठेवलं कोपऱ्यात की झालं, असं वाटतं. मला मात्र घरातल्या सगळ्या वस्तूंत हीच सर्वांत विलक्षण वाटते. एका वाळवंटी प्राण्याची हजारो वर्षांची सवय आणि ज्वालामुखीतून जन्मलेली माती त्या भांड्यात एकत्र येतात. आणि भांडं लहान पडलं, तर दोन्हींचा काही उपयोग होत नाही.

आधी सवय पाहू. २००७ साली शास्त्रज्ञांनी सुमारे हजार पाळीव आणि रानटी मांजरांचे जनुक तपासले. जगातली सगळी पाळीव मांजरं एकाच रानटी जातीपासून आली आहेत, असं त्यातून दिसलं. ही जात म्हणजे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेत राहणारं फेलिस लिबिका. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या कबरीशेजारी मांजराचंही दफन केलेलं सापडलं आहे. इतकी जुनी ही सोबत. याच जातीची आशियाई शाखा आजही कच्छच्या आणि थरच्या वाळूत फिरते.

वाळूत राहणाऱ्या या प्राण्याची मूत्रपिंडं पाणी फार जपून वापरतात, म्हणून मांजराची लघवी इतकी दाट असते. तिला येणारा तो खास उग्र वास फेलिनिन नावाच्या अमिनो आम्लापासून तयार होतो. फेलिनिनला स्वतःला वास नसतो. लघवी बाहेर पडल्यावर ते हळूहळू फुटतं, त्यातून गंधकाची संयुगं निघतात आणि मग खोली भरून जाते. नसबंदी न झालेल्या बोक्यांत ते सर्वांत जास्त असतं.

असा वास मागे सोडणं लहान प्राण्याला परवडत नाही. म्हणून राहत्या जागेच्या आसपास मांजर आपली शी पुरून टाकतं. वाघ-बिबट्यांचं याच्या अगदी उलट. ताडोबात वाघाची विष्ठा रस्त्याच्या कडेला उघड्यावर सापडते, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बिबट्याचीही. ‘इथे मी आहे’ हे त्यांना सांगायचंच असतं. वन्यजीव अभ्यासक तीच गोळा करून कोणी काय खाल्लं ते शोधतात. मोकळं फिरणारं मांजरही घरापासून लांब, आपल्या हद्दीच्या कडेला, कधीकधी शी उघडी ठेवतं. घराजवळ मात्र ते पुरतं. आणि ही सवय शिकवावी लागत नाही. पहिले तीन-चार आठवडे आई पिल्लाला चाटून शी-शू करायला लावते. त्यानंतर पिल्लू मऊ माती दिसली की आपणहून उकरायला लागतं. आई नसलेली, ड्रॉपरने दूध पाजून वाढवलेली पिल्लंसुद्धा उकरतात.

आता हे उकरणं किती जागा मागतं ते बघा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी मांजरं ट्रेजवळ नेमकं काय काय करतात याची बारकाईने नोंद केली, तेव्हा वेगवेगळ्या ३९ हालचाली मोजल्या गेल्या. आपल्याला दिसतं ते फक्त ‘गेलं, बसलं, आलं’. प्रत्यक्षात मांजर आधी हुंगतं, एक जागा उकरतं, ती नाकारतं, गोल फिरतं, दुसरी जागा उकरतं, मग बसतं. झाल्यावर मागे वळून पुन्हा हुंगतं, माती ओढतं, परत हुंगतं. या सगळ्याला जमीन लागते. जमीन कमी पडली की मांजर पुढचे पाय ट्रेच्या काठावर ठेवून तोल सावरत बसतं, मातीऐवजी प्लास्टिकची भिंत ओरबाडतं, काही न पुरता उडी मारून पळतं. आठ किलोंच्या बोक्याचं तर पुढचं अंग ट्रेमध्ये आणि मागचं बाहेर, अशी अवस्था होते. लघवी फरशीवर पडते आणि घरचे म्हणतात, याला वळण नाही. माझं मत अगदी स्पष्ट आहे: असं घडलं की आधी ट्रे मोजावा.

मोजायचं कसं? पशुवैद्यकांचा ठोकताळा सोपा आहे. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी घ्यायची, शेपूट सोडून, आणि ट्रे किमान तिच्या दीडपट लांब हवा. रुंदी इतकी, की मांजर कुठेही अंग न घासता गोल वळेल. आपलं साधं देशी मांजर नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत ४५ सेंटीमीटरच्या आसपास भरतं; म्हणजे त्यालाच जवळपास ७० सेंटीमीटरचा ट्रे हवा. मोठ्या मेन कून बोक्याची हीच लांबी ६० सेंटीमीटर धरली, तर ट्रे ९० सेंटीमीटरचा. दुकानात सर्रास मिळणारे ट्रे ४०-५० सेंटीमीटरचे असतात. आपल्या बाथरूमचा कोपरा बघून ते बनवलेले आहेत, मांजराचं अंग बघून नव्हे.

मांजरांना स्वतःला काय आवडतं, हेही तपासून झालं आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन अभ्यासात ४३ घरांतल्या ७४ मांजरांपुढे दोन ट्रे ठेवले. एक नेहमीच्या मापाचा, दुसरा ८६ सेंटीमीटर लांबीचा. मांजरांनी मोठा ट्रे स्पष्टपणे जास्त वापरला. आणि ही बहुतेक साधी घरगुती मांजरं होती, राक्षसी आकाराची नव्हेत.

झाकणाच्या ट्रेविषयी लोक हिरिरीने वाद घालतात. २०१३ च्या एका प्रयोगात २७ मांजरांना झाकणाचा आणि बिनझाकणाचा, असे दोन्ही ट्रे दिले. दोन्ही मोठे, दोन्ही रोज साफ केलेले. १९ मांजरांना काहीच फरक पडला नाही, चौघांनी झाकणाचा पसंत केला, चौघांनी उघडा. म्हणजे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. मोठ्या बोक्यासाठी मात्र मी उघडाच सुचवेन, कारण झाकणाखाली त्याची पाठ टेकते आणि आतला कोंडलेला वास बाहेर उभ्या असलेल्या आपल्याला कळत नाही. आपोआप साफ होणारी यंत्रं घेण्याआधी आतली जागा टेपने मोजा. बाहेरून भव्य दिसणाऱ्या यंत्रात बसायची जागा पुष्कळदा अगदीच तोकडी असते.

आता मातीकडे येऊ, कारण खरी नवलाई इथे आहे.

१९४७ पर्यंत अमेरिकेतली घरातली मांजरं राख, वाळू, कागदाचे तुकडे असल्या गोष्टींवर भागवत होती. त्या वर्षीच्या हिवाळ्यात मिशिगन राज्यातल्या एका शेजारणीची वाळू गोठली, म्हणून ती एड लो या तरुणाकडे थोडी वाळू मागायला गेली. लो यांच्या घरचा धंदा कारखान्यांत सांडलेलं तेल शोषणारा माल विकण्याचा. त्यांनी वाळूऐवजी शोषक मातीचे दाणे दिले. आपण चेहऱ्याला लावतो त्या मुलतानी मातीच्याच गटातली ही माती. शेजारीण परत आली ती आणखी मागायला. लो यांनी पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या, ६५ सेंट किंमत ठेवली आणि गावोगाव फिरून माल खपवला. मांजर घराबाहेरून कायमचं घरात आलं, ते बऱ्याच अंशी या मातीमुळे.

ही माती ओल शोषायची, पण गोळा धरत नव्हती. १९८०च्या दशकात टॉमस नेल्सन या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की बेंटोनाइट वापरलं तर लघवीचा घट्ट गोळा होतो आणि तेवढाच उचलून टाकता येतो. आज आपल्या दुकानांत मिळणारं बरंचसं लिटर हेच. बेंटोनाइटचा गाभा म्हणजे माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज. पत्त्यांच्या जोडासारखे एकावर एक रचलेले त्याचे थर. प्रत्येक थर सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. थरांवर ऋण विद्युतभार असतो आणि थरांच्या मधे सोडियमचे कण. ओल लागली की पाणी त्या कणांभोवती गोळा होतं आणि थर एकमेकांपासून दूर ढकलले जातात. चांगलं सोडियमयुक्त बेंटोनाइट मूळ आकारमानाच्या दहा-पंधरा पट फुगू शकतं.

भारतात बेंटोनाइटचे मोठे साठे कच्छमध्ये आहेत. ते तयार झाले दख्खनच्या ज्वालामुखी खडकातून. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्ह्याने सह्याद्री रचला, तोच लाव्हा कच्छपर्यंत पोहोचला होता. पाण्याने तो कुजत गेला आणि त्याची ही माती झाली. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या कापसाच्या जमिनीतही याच कुळातली खनिजं आहेत. पावसात ती जमीन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, घरांचे पाये हलतात. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत साच्याची वाळू एकमेकीला धरून राहते तीही बेंटोनाइटमुळेच. शेतात, साच्यात आणि बोक्याच्या ट्रेमध्ये एकच गुणधर्म काम करतो, याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

याच गुणधर्मामुळे हे लिटर कमोडमध्ये कधीही टाकू नये. पाइपात फुगून घट्ट बसलेला गोळा सगळ्या इमारतीला त्रास देतो. पावसाळ्यात ड्राय बाल्कनीत ट्रे ठेवला असेल, तर झड लागणार नाही अशी जागा हवी, नाहीतर वापरण्याआधीच अर्ध्या मातीचे गोळे होतात. दाणा बारीक असावा आणि सुगंध नसावा. १९९१ साली पीटर बोर्चेल्ट या वर्तनतज्ज्ञाने दाखवून दिलं की मांजरांना बारीक दाण्याचं, गोळा धरणारं लिटर जास्त आवडतं. वाळूत घडलेल्या पंजांना ते आवडावं यात नवल नाही.

थर पाच-सहा सेंटीमीटरचा तरी हवा. ९० बाय ५० सेंटीमीटरच्या ट्रेमध्ये सहा सेंटीमीटर थर द्यायचा तर २७ लीटर माती लागते, म्हणजे दहा लीटरच्या जवळजवळ तीन पिशव्या. पहिल्यांदा हा खर्च डोळ्यांत भरतो. नंतर मात्र गोळ्यांबरोबर गेलेली तेवढीच भर घालायची असते.

इतका मोठा ट्रे आणायचा कुठून? खरं तर तो दुकानात शोधूच नये. पलंगाखाली सरकवायचे प्लास्टिकचे पसरट खोके, कपडे-पांघरुणं ठेवायचे मोठे स्टोरेज बॉक्स, बाळाच्या आंघोळीचा टब, यांतलं काहीही चालतं. मागच्या तीन बाजू २५-३० सेंटीमीटर उंच असू द्याव्यात, कारण मोठे बोके बसल्या बसल्या मागचं अंग उचलतात आणि धार भिंतीवर जाते. पुढची बाजू मात्र हेक्सॉ ब्लेडने १२-१५ सेंटीमीटरपर्यंत खाली कापावी आणि कड पॉलिश पेपरने नीट घासून घ्यावी. हे कापणं टाळू नका. अमेरिकेतल्या एका क्ष-किरण नोंदवहीत जमा झालेल्या मेन कूनच्या चित्रांपैकी जवळपास २५ टक्क्यांत खुब्याच्या सांध्याचा दोष दिसला. देशी असो वा विदेशी, बारा वर्षांवरच्या १०० मांजरांच्या क्ष-किरण तपासणीत ९० जणांचे सांधे झिजलेले आढळले होते. मांजर दुखणं बोलून दाखवत नाही. उंच काठ ओलांडणं जड जायला लागलं की ते दुसरी जागा शोधतं, आणि ती बहुधा आपली गादी असते. म्हाताऱ्या मांजरासाठी काठ याहूनही खाली घ्या.

मेन कूनचं पिल्लू घरी आणलंत तरी माप पूर्ण वाढीचंच धरा, फक्त प्रवेशाची बाजू सुरुवातीला अगदी बुटकी ठेवा. ट्रेची संख्या मांजरांपेक्षा एकने जास्त हवी, असं पशुवैद्य सांगतात. ते सगळे एकाच खोलीत ओळीने लावले, तर मांजराच्या लेखी तो एकच ट्रे. वॉशिंग मशीनच्या शेजारची जागा टाळा आणि खाण्याच्या वाटीजवळही ट्रे नको.

साफसफाई दिवसातून एकदा तरी, जमलं तर दोनदा. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या शीतून बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस घेतो, म्हणून रोज उचललेली शी हे घराचंही संरक्षण असतं. तरीही घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं.

रोज गोळे उचलताना ते मोजत चला. मोठ्या, उघड्या ट्रेमध्ये प्रत्येक गोळा वेगळा दिसतो: किती, केवढा, कालच्यापेक्षा लहान की मोठा. गोळे एकाएकी वाढले किंवा मोठे झाले, तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो. आणि बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, जोर लावतोय, कदाचित ओरडतोय, पण गोळा एकही होत नाही, तर त्याची मूत्रनलिका तुंबलेली असू शकते. नरांमध्ये ही नलिका फार अरुंद असते आणि ती पूर्ण बंद झाली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. अशा वेळी सकाळ व्हायची वाट पाहू नका. त्याच रात्री पशुवैद्याकडे न्या.