आवरणनळीचा भेद आणि खडकातील आडवी वाट

१. प्रश्नाचे स्वरूप

विहीर म्हणजे वरून खाली सरळ उतरलेला खड्डा, ही कल्पना मराठी भाषकाच्या मनात इतकी रुजलेली आहे की, विहिरीला बगलेतून फुटणाऱ्या वाटेचा विचार त्याला सहसा सुचत नाही. तथापि काळ्या पाषाणाच्या मुलखातील शेतकऱ्याला ही गोष्ट मुळीच अपरिचित नाही. आटत चाललेल्या विहिरीत उतरून तिच्या भिंतीत ‘आडवे बोअर’ मारण्याची रीत महाराष्ट्रात रूढ आहे. खनिज तेलाच्या विहिरीतही तत्त्वतः असेच करतात. परंतु तेथील भिंत नुसत्या खडकाची नसते. खडकाच्या अलीकडे सिमेंटचा थर आणि त्याच्याही अलीकडे पोलादी नळी असते. ही नळी भेदून बगलेने खडकात शिरण्याची क्रिया कशी घडते, तिची गरज का पडते आणि तिला मराठीत कोणत्या नावाने संबोधावे, हे तीन प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत. पहिले दोन नीट उलगडल्यावाचून तिसऱ्याचे उत्तर देता येत नाही.

२. नळी कोठे असते आणि कोठे नसते

‘केसिंग’ हा शब्द आज मुंबईच्या उपनगरांत घरोघरी माहीत आहे. बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात कूपनलिका खोदली जाते, तेव्हा वरची माती व मुरूम ढासळू नये म्हणून नळी उतरवतात. कठीण खडक लागला की नळी थांबते. त्याखालील छिद्र उघडेच राहते आणि खडकाच्या भेगांतून पाणी थेट आत झिरपते. अखंड बेसाल्टमध्ये पाण्याला जागा जवळजवळ नसते. जे काही पाणी असते ते भेगांत आणि दोन लाव्हाथरांमधील पोकळ्यांत. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर बेसाल्टचे उभे स्तंभ आणि त्यांच्यामधील उभ्या चिरा स्पष्ट दिसतात. अशा खडकात उभे छिद्र दोन चिरांच्या मधूनच खाली गेले तर ते कोरडे राहते. आडवे छिद्र मात्र एकामागून एक चिरा छेदीत जाते. शेतकऱ्याच्या आडव्या बोअरमागील युक्तिवाद हाच होय.

तेलविहिरीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या वाटेत पाणी, वायू व तेल धारण करणारे, निरनिराळ्या दाबांचे थर येतात. त्यांची परस्परांत सरमिसळ होऊ नये म्हणून विहिरीत तेलधारी थरापर्यंत, बहुधा त्याच्याही पार, पोलादी नळ्या उतरवून त्यांच्यामागे सिमेंट भरतात. म्हणजे विहीर पुरी झाली तेव्हा ती तेलापासून पूर्णपणे तोडलेली असते. पुढे तिला तेल मिळावयाचे तर हीच तटबंदी योग्य त्या ठिकाणी भेदावी लागते.

३. भेदाचे तीन प्रकार

पहिला प्रकार छिद्रणाचा. स्फोटक भरलेल्या छोट्या शंक्वाकार कोषांची माळ विहिरीत सोडून त्यांचा स्फोट घडवितात. शंकूच्या धातूचा सेकंदाला काही किलोमीटर वेगाने जाणारा बारीक झोत नळी व सिमेंट भेदून खडकात घुसतो. त्याची पोहोच सामान्यतः काही दशक सेंटिमीटरांची असते. खोदताना वापरलेल्या चिखलाचा अंश विहिरीलगतच्या खडकात शिरून त्याची छिद्रे बुजवितो. या बुजलेल्या पट्ट्याच्या पलीकडे पोहोचणे, एवढेच या छिद्राचे काम.

दुसरा प्रकार झोतवेधनाचा. प्रथम नळीत रुपयाएवढे भोक पाडतात. मग लवचिक नळीच्या टोकाला तोटी बसवून अतिदाबाच्या पाण्याच्या झोताने खडक कोरीत नेतात. असे बोगदे सुमारे शंभर मीटरांपर्यंत नेता येतात, परंतु त्यांचा व्यास काही सेंटिमीटरच असतो. त्यांना वाटेत वळविण्याचे साधन फारसे हाती नसते आणि मऊ शेलमध्ये ते मिटण्याचा धोका असतो.

तिसरा प्रकार सर्वांत मोठा. जुन्या विहिरीचा निकामी झालेला खालचा भाग प्रथम सिमेंटने कायमचा बंद करतात. त्याच्या वर नळीत एक लांबट पोलादी पाचर अडकवितात. तेल-अभियंते तिला ‘व्हिपस्टॉक’ म्हणतात. तिचा उतार जेमतेम दोन-तीन अंशांचा असतो. तिच्यावरून घसरत खाली येणारे कातणयंत्र हळूहळू नळीच्या भिंतीवर चढते व तीत लांबट खिडकी कापते. उतार तीन अंशांचा आणि नळीचा आतील व्यास २२ सेंटिमीटर असेल, तर पाचरीच्या उताराची लांबी सुमारे सव्वाचार मीटर होते. खिडकीही साधारण तेवढीच लांब असते. पाचरीचे तोंड कोणत्या दिशेस करावयाचे हे होकायंत्र सांगू शकत नाही, कारण पोलादी नळीत चुंबकसूची भरकटते. म्हणून तेथे घूर्णदर्शक वापरावा लागतो. कापलेल्या पोलादाचा कीस चिखलाबरोबर वर येतो. त्याचे वजन करून खिडकी कितपत कापली गेली हे अजमावितात. पुढे खिडकीतून नवे वेधन सुरू होते. दर ३० मीटरांस ८ अंश या गतीने ते वळविले, तर वळणाची त्रिज्या सुमारे २१५ मीटर येते. म्हणजे उभी वाट पूर्णपणे आडवी होण्यास तेवढीच खोली खर्ची पडते.

४. बगलेने जाण्याचे कारण

भूगर्भातील द्रव विहिरीकडे चोहोबाजूंनी येतो आणि जवळ येता येता त्याची वाट अरुंद होत जाते. त्यामुळे दाबाची घट अंतराच्या समप्रमाणात न होता लघुगणकाच्या नियमाने होते. विहिरीची त्रिज्या १० सेंटिमीटर आणि तिच्या प्रभावक्षेत्राची त्रिज्या ३०० मीटर धरली, तर एकूण दाबघटीपैकी निम्मी घट विहिरीपासून अवघ्या साडेपाच मीटरांत होते. एक-पंचमांश तर पहिल्या अर्ध्या मीटरातच होते. जवळचा खडक थोडासा मोकळा केला तरी प्रवाह लक्षणीय वाढतो, याचे रहस्य येथे आहे.

दुसरे कारण थरांच्या रचनेत आहे. पाच मीटर जाडीच्या आडव्या थरातून उभी विहीर गेली तर तिचा त्या थराशी पाचच मीटर संबंध येतो. आडवी वाट त्याच थरात तीनशे मीटर चालू शकते. येथे बेसाल्टमधील न्याय उलटा झालेला दिसेल. तेथे चिरा उभ्या म्हणून छिद्र आडवे. येथे थर आडवा, तरीही छिद्र आडवेच. चिरांच्या बाबतीत त्या छेदावयाच्या असतात, थराच्या बाबतीत त्यातच राहावयाचे असते.

मुंबई हायच्या इतिहासात हा विचार केवळ पुस्तकी राहिलेला नाही. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर ‘सागर सम्राट’ या वेधननौकेने १९७४ मध्ये तेथे तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेथील मुख्य साठा ‘एल-३’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मायोसीन काळातील चुनखडकात आहे. हा खडक एकसंध नसून शेलच्या पातळ पट्ट्यांनी अनेक थरांत विभागलेला आहे. त्यावर वायूचे आवरण असल्याने उभ्या विहिरीतून जोराने तेल ओढले की वायू शंकूच्या आकाराने खाली खेचला जातो. लांब आडव्या वाटेवर ओढ विभागली जाते आणि हे संकट पुष्कळसे टळते. शिवाय समुद्रातील फलाटावर विहिरींसाठी जागा मोजक्याच असतात. पाणी ओकू लागलेली जुनी विहीर सोडून नवी खोदावयास जागा उरत नाही. जुनीच्याच नळीला खिडकी पाडून नव्या दिशेने जाणे हाच सोयीचा मार्ग ठरतो. २०००-०१ च्या सुमारास सुरू झालेल्या पुनर्विकास योजनांत या तंत्राचा मोठा वापर झाला.

एका विहिरीतून अनेक शाखा काढण्याची कल्पनाही जुनीच आहे. अलेक्झांडर ग्रिगोर्यान या सोव्हिएत अभियंत्याने १९५३ मध्ये बाश्कीरियात एका विहिरीच्या खालच्या भागातून नऊ शाखा काढल्या. खर्च सुमारे दीडपट झाला. उत्पादन मात्र शेजारच्या विहिरींच्या सतरापट मिळाले.

५. नावांचा विचार

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘आडवे वेधन’ हा शब्द या सर्व क्रियांना सरसकट लावणे सोयीचे वाटले तरी शास्त्रशुद्ध नाही. ‘आडवे’ हे विशेषण दिशा सांगते, उगम सांगत नाही. जमिनीपासून नव्याने खोदलेली विहीरही शेवटी आडवी होऊ शकते. उलट, खिडकीतून निघालेली वाट तिरपी राहू शकते. दिशा आणि उगम ही दोन स्वतंत्र लक्षणे आहेत. एका शब्दात ती कोंबली तर अर्धा मीटर पोहोचणारे छिद्र आणि पाचशे मीटर जाणारी शाखा यांतील भेदच लोपतो. विद्यार्थ्याने अशा संज्ञेवर विसंबून प्रवाहाचे गणित मांडले, तर चूक भाषेची असली तरी उत्तर अभियांत्रिकीचे चुकते.

स्फोटक झोतासाठी ‘छिद्रण’ आणि पाण्याच्या झोतासाठी ‘झोतवेधन’ ही नावे अर्थवाही आहेत. तिसऱ्या प्रकारासाठी ‘पार्श्ववेधन’ हा तत्सम शब्द घडविता येईल. तो कोशात शोभेल. परंतु मराठीत याहून जवळचा एक शब्द केव्हाचा वावरत आहे, तो म्हणजे ‘फाटा’. रस्त्याला फाटा फुटतो, कालव्याला फाटा काढतात. मूळ वाट कायम ठेवून तिच्या बगलेतून निघालेली नवी वाट, हा अर्थ त्यात आधीच आहे. ती आडवी की तिरपी हे तो शब्द मोकळे ठेवतो. म्हणून ‘विहिरीला फाटा काढणे’ ही क्रिया, ‘फाटा’ ही वाट आणि ‘आडवा फाटा’ हा तिचा एक प्रकार, अशी व्यवस्था लावता येते. ‘पाचर’ आणि ‘खिडकी’ हे शब्द तर सुताराच्या व गवंड्याच्या बोलीतून जसेच्या तसे उचलता येतात.

परिभाषा घडविताना संस्कृत धातूंकडे वळण्याची सवय वाईट नव्हे. मात्र ज्या समाजाने पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या खडक फोडला आहे, त्याच्या बोलीत खडकाच्या कामाचे शब्द नसतील, असे आधीच गृहीत धरणे चुकीचे होय. तेलाच्या विहिरी शास्त्राने आणल्या. परंतु पाषाणातून वाट काढण्याची क्रिया मराठीला नवी नाही. तिचे नाव शोधताना प्रथम तेथेच पाहणे उचित ठरेल.