कॅन्सर संशोधनाचा आपला पत्ता

कॅन्सरवर नवं काही निघालं की ते अमेरिकेतलंच असणार, असं आपण धरून चालतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा हिशेब मांडला तर चित्र वेगळं दिसतं. जगभरातल्या डॉक्टरांना आपली पद्धत बदलायला लावणारं बरंच काम महाराष्ट्रात झालं आहे, आणि माझ्या मते त्यातलं सर्वांत मोलाचं काम सर्वांत स्वस्तही आहे.

या कामाची एक वाट पुण्यातून निघते. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ, म्हणजे पुढच्या डॉ. कमल रणदिवे, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकल्या. मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केलं, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये शिक्षण घेतलं आणि परतल्यावर शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा मुंबईत उभी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

पण सगळं काम प्रयोगशाळेत होत नाही. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि परळचं टाटा मेमोरियल त्यात होतं. ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले. एका गटाची हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची चाचणी झाली, दुसऱ्याची पॅप स्मिअर, तिसऱ्या गटात गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून तपासणी झाली. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. या चौथ्या गटाबद्दल पुढे नैतिक प्रश्न उपस्थित झाले आणि ते व्हायलाच हवे होते. आठ वर्षांनी चौथ्या गटातल्या ६४ जणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेल्या होत्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या एचपीव्ही गटात ३४. चाचणी झाली होती फक्त एकदा! २००९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. आज जग एचपीव्ही चाचणीकडे वळलं आहे, त्यामागे धाराशिवच्या या बायाबापड्या आहेत.

एचपीव्हीविरुद्धच्या लशीची गोष्टही अशीच. २००९ मध्ये लशीचे दोन डोस पुरतात की तीनच हवेत, हे पाहण्यासाठी देशात नऊ ठिकाणी मुलींची नोंदणी सुरू झाली. त्यात पुणे आणि बार्शीही होतं. २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद पेटला आणि सरकारने या अभ्यासातलं लसीकरणही थांबवलं. हजारो मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले. दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०२१ मध्ये कळलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला मुख्यतः कारणीभूत असणाऱ्या दोन विषाणू-प्रकारांचा चिवट संसर्ग रोखण्यात एक डोसही ९५ टक्के परिणामकारक आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसला मान्यता दिली, तेव्हा हा पुरावा समोर होता. त्याच वर्षी सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' या भारतीय लशीला परवानगी मिळाली.

परळच्या दोन शोधांनी तर मी थक्क झालो. दाढ काढताना हिरडीत टोचतात ते लिग्नोकेन, स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया सुरू करण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती टोचायचं, एवढंच. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने सुमारे १,६०० स्त्रियांवर हे पाहिलं. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. दुसरा शोध निव्होल्युमॅबचा. प्रतिकारशक्ती जागी करणारं हे औषध सामान्य माणसाला परवडतच नाही. तोंडाच्या-घशाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये, स्वस्त गोळ्यांच्या केमोबरोबर, नेहमीच्या मात्रेच्या जेमतेम सहा टक्के औषध दिलं. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर पोचलं.

आणि कार-टी. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, जनुकीय बदल करून त्यांना कॅन्सरपेशी ओळखायला शिकवायचं आणि परत शिरेतून सोडायच्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या 'नेक्सकार१९'ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये, इतर उपाय थकल्यावर, ही मोठी आशा आहे. परदेशाच्या मानाने दहाव्या हिश्शाचा खर्च, तरी तीस-चाळीस लाखांच्या घरात. शेतकऱ्याच्या घराला हा आकडा ऐकवतही नाही.

म्हणून मला लशीचा आणि चाचणीचा आग्रह धरावासा वाटतो. स्पर्धा परीक्षांसाठी राज्यभरातून आलेल्या कितीतरी मुली पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसतात. 'सर्व्हाव्हॅक' मुलींना ९ ते २६ वर्षांपर्यंत घेता येते, म्हणजे यातल्या बऱ्याच जणी त्या वयात आहेत आणि लस बनते ती पलीकडे हडपसरला. मुलींनो, डॉक्टरांना विचारा आणि लस घ्या. दिवाळीला घरी जाल तेव्हा तिशी ओलांडलेल्या आईला, मावशीला, काकूला एचपीव्ही चाचणीला घेऊन जा.