स्वप्रतिपिंडे आणि वंध्यत्वोपचारांचे यश

वैद्यकात एखादे नाव रूढ झाले की पुढे ते वस्तुस्थितीवरच अधिकार गाजवू लागते. ‘ल्युपस अँटिकोअॅग्युलंट’, म्हणजे ल्युपस विकारातील रक्तगोठणविरोधी द्रव्य, हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९५२ मध्ये कॉन्ली व हार्टमन यांनी ल्युपसच्या रुग्णांत, परीक्षानलिकेतील रक्त गोठण्यास विलंब लावणाऱ्या एका घटकाचे वर्णन केले. त्याला हे नाव मिळाले १९७२ मध्ये. परंतु हा घटक बाळगणाऱ्यांपैकी पुष्कळांना ल्युपस नसतो, आणि शरीरात तर तो रक्ताच्या गुठळ्या होण्यासच साहाय्य करतो. नावातील दोन्ही पदे अशी दिशाभूल करणारी ठरतात.

वस्तुतः हे एक स्वप्रतिपिंड आहे. परक्या जंतूंचा प्रतिकार करण्यासाठी शरीर जी प्रथिने निर्माण करते, तीच येथे स्वकीयांवर उलटलेली असतात. त्यांचे मुख्य लक्ष्य म्हणजे फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध द्रव्यांना चिकटणारी प्रथिने. परीक्षानलिकेत रक्त गोठण्यास ही स्निग्ध द्रव्ये आवश्यक असतात. ती अडवली गेल्याने विलंब होतो. शरीरात मात्र त्याच प्रतिपिंडांमुळे रक्तवाहिन्यांचे अस्तर चेतवले जाते आणि वारेच्या पेशींनाही इजा पोहोचते.

गर्भाशी त्यांचा संबंध आहे, हे यावरून उघड होते. तो नेमका कोणत्या टप्प्याशी आहे, हा खरा प्रश्न. अमरकोशाच्या वैश्यवर्गात, गाईंच्या संदर्भात का होईना, वंध्या आणि स्रवद्गर्भा यांची नोंद शेजारी-शेजारी, पण पृथक् केलेली आहे. गर्भ न राहणे व राहिलेला गर्भ न टिकणे हा भेद कोशकाराने पाळला; आधुनिक चर्चेत तो अनेकदा पुसला जातो. १९९७ मध्ये राय व त्यांच्या सहकाऱ्यांनी वारंवार गर्भस्राव झालेल्या आणि ही प्रतिपिंडे असलेल्या ९० स्त्रियांवर प्रयोग केला. केवळ अॅस्पिरिन घेणाऱ्या ४५ जणींपैकी १९ जणींना जिवंत मूल झाले. अॅस्पिरिनच्या जोडीला हेपॅरिन घेणाऱ्या ४५ जणींपैकी ३२ जणींना. हे यश स्रवद्गर्भांचे होते. ते शरीरबाह्य फलनाची वाट धरणाऱ्या स्त्रियांच्या पदरात घालण्यास आधार नव्हता. हॉर्नस्टाइन प्रभृतींनी २००० मध्ये सात अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा या प्रतिपिंडांचा अशा उपचारातील गर्भधारणेशी वा जिवंत प्रसूतीशी लक्षणीय संबंध दिसला नाही.

अवटु, म्हणजे थायरॉइड, ग्रंथीविरुद्धच्या प्रतिपिंडांची कथा याहून सूक्ष्म आहे. त्यांच्यासमवेत गर्भस्रावाचे प्रमाण वाढते, हे अनेकदा आढळले आहे. तेव्हा ग्रंथीचे कार्य ठीक असतानाही थायरॉक्सिन द्यावे, असा तर्क केला गेला. चीनमधील ६०० स्त्रियांवरील २०१७ च्या चाचणीत शरीरबाह्य फलनानंतरच्या गर्भस्रावाचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत १०.३ टक्के, तर न घेणाऱ्यांत १०.६ टक्के आले. ब्रिटनमधील २०१९ च्या चाचणीत पूर्वी गर्भस्राव झालेल्या वा वंध्यत्व असलेल्या स्त्रिया होत्या. तेथे जिवंत प्रसूती अनुक्रमे ३७.४ व ३७.९ टक्के झाल्या. प्रतिपिंड साक्षीदार असू शकते. त्याला गुन्हेगार ठरवण्यास निराळा पुरावा लागतो. ग्रंथीचे कार्य मंदावते की काय यावर मात्र लक्ष ठेवावेच लागते.

शिवाय तपासणी एकदा होकारार्थी आली म्हणजे निदान झाले, असे नव्हे. संसर्गानंतर फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे काही काळ उगवून मावळतात. म्हणून किमान बारा आठवड्यांनी पुन्हा तपासण्याचा दंडक आहे. उपचारासाठी आधीच वर्षे मोजणाऱ्या स्त्रीला हा विलंब जाचक वाटतो, आणि नेमका तोच गाळला जाण्याची भीती असते.

ज्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे खरोखरच टिकून आहेत, त्यांच्याबाबत शरीरबाह्य फलनाच्या वेळी दक्षतेचे कारण वेगळे असते. बीजकोश उद्दीपित केल्याने इस्ट्रोजेन वाढते आणि गुठळ्या होण्याचा धोका खुद्द त्या स्त्रीला संभवतो. अशा वेळी हेपॅरिन दिले जाते ते तिच्या रक्षणासाठी. गर्भ रुजावा म्हणून नव्हे.