पटावर उतरवलेले युद्ध : पोलंड, १९२०

दिवाळीच्या सुटीत अंगणात मातीचा किल्ला केला नाही असा मराठी मुलगा विरळाच. बुरुजावर मावळे, पायथ्याशी अळीव पेरून उगवलेले हिरवे शेत, एका बाजूला विहीर आणि शिखरावर सिंहासनस्थ महाराज. हे मावळे चार-पाच दिवस जागचे हलत नाहीत. पाहणाऱ्याने पाहावे आणि शेजारच्या घरचा किल्ला बघायला जावे. समजा, हे मावळे हलू लागले. एका पाळीत कोणी किती वीत सरकावे, कोणाची गोळी कुठवर पोहोचावी, आणि मुख्य म्हणजे कोणाला कोण दिसले असे धरावे, याचे नियम दोघा खेळाडूंनी आधी ठरवून घेतले, तर जो खेळ होईल त्याला पाश्चात्त्य देशांत ‘वॉरगेम’ म्हणतात. आपण त्याला युद्धखेळ म्हणू. अशा खेळासाठी इतिहासात घडलेले एखादे युद्ध घ्यावयाचे तर त्याची आखणी कशी करावी, हे पोलंड आणि सोव्हिएत रशिया यांच्यातील १९१९ ते १९२१ या काळातील युद्धाच्या उदाहरणाने सांगण्याचा येथे विचार आहे.

युद्धखेळाचे नाते बुद्धिबळाशी जोडले जाते आणि ते खोटे नाही. आपल्या चतुरंगातही हत्ती, घोडे, रथ, पायदळ होतेच. पण बुद्धिबळात दोन्ही खेळाडूंना सारा पट दिसतो, आणि खऱ्या सेनापतीला नेमके तेच कधी मिळत नाही. प्रशियाच्या सैन्यातील राइसवित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये आपल्या वडिलांच्या खेळात सुधारणा करून नकाशावरचा जो युद्धखेळ सैन्यापुढे ठेवला, त्याचे मर्म येथे आहे. त्यात दोन खेळाडूंच्या मध्ये एक पंच असे. खेळाडूंनी हुकूम लिहून पंचाला द्यावयाचे, आणि पंचाने ज्याला जेवढे दिसणे शक्य आहे तेवढेच त्याला सांगावयाचे. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने ‘लिटल वॉर्स’ हे छोटेसे पुस्तक लिहून शिशाचे शिपाई आणि खेळण्यातील तोफा यांचा खेळ लोकप्रिय केला. वेल्सच्या खेळात मजा अधिक, राइसवित्झच्या खेळात शिस्त अधिक. चांगल्या आखणीला दोन्ही हवीत. पण निवडच करावयाची झाली तर मी राइसवित्झचा पंच निवडीन. कारण पुढे येईलच.

प्रथम युद्धाची हकीगत, थोडक्यात. १७९५ मध्ये नकाशावरून पुसला गेलेला पोलंड नोव्हेंबर १९१८ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाला, तेव्हा त्याची पूर्व सीमा कोठे असावी हे कोणीच ठरविलेले नव्हते. १९१९ च्या आरंभापासून पोलिश आणि लाल सैन्याच्या चकमकी झडू लागल्या. एप्रिल १९२० मध्ये पोलंडचे सर्वेसर्वा योझेफ पिल्सुडस्की यांनी युक्रेनियन नेता पेटल्यूरा याच्या साथीने युक्रेनमध्ये मुसंडी मारली आणि ७ मे रोजी कीव्ह घेतले. ते महिनाभर टिकले. जूनमध्ये बुद्यॉनीच्या पहिल्या घोडदळ सेनेने दक्षिणेची आघाडी फोडली. ४ जुलैला उत्तरेत सत्तावीस वर्षांच्या तुखाचेव्हस्कीने चढाई सुरू केली आणि सहा आठवड्यांत लाल सैन्य वॉर्साच्या वेशीवर आले. १६ ऑगस्टला पिल्सुडस्कींनी व्येप्श नदीच्या बाजूने तुखाचेव्हस्कीच्या उघड्या कुशीत घाव घातला आणि पारडे फिरले. ३१ ऑगस्टला झामोश्चजवळच्या कोमारूफ येथे पोलिश घोडदळाने बुद्यॉनीला गाठले. ऑक्टोबरात शस्त्रसंधी झाली आणि १८ मार्च १९२१ रोजी रीगाचा तह.

नवखा माणूस हे वाचून पहिल्यांदा वॉर्साची लढाई निवडतो आणि तेथेच अडकतो. शेकडो किलोमीटरची आघाडी जेवणाच्या टेबलावर कशी मावणार? मावते ते कोमारूफ. एका दिवसाची लढाई, दोन्हीकडे मुख्यतः घोडदळ. आकडे ग्रंथागणिक बदलतात. पण पोलंडची पहिली घोडदळ डिव्हिजन दीड हजार तलवारींच्या आसपास आणि बुद्यॉनीचे बळ त्याच्या काही पट, एवढे धरून चालता येते. एका बाहुलीला वीस स्वार असे प्रमाण घेतले की पोलंडचे पाऊणशे घोडे लागतात. एका सेंटिमीटरला पंचवीस मीटर जमीन धरली तर दोन मीटरच्या टेबलावर पाच किलोमीटर मावतात. आता काळ. दुडक्या चालीने घोडे मिनिटाला सुमारे दोनशे मीटर जातात. एक पाळी म्हणजे दहा मिनिटे असे ठरवले तर घोडे एका पाळीत ऐंशी सेंटिमीटर जातील आणि तिसऱ्या पाळीत टेबलावरून खाली पडतील! म्हणून पाळी पाच मिनिटांची करावी. हा हिशेब रुक्ष वाटेल, पण तो चुकला की पुढचे सारे चुकते.

हाच हिशेब एक चमत्कारिक प्रश्न पुढे आणतो. मशीनगनचा मारा हजार मीटरपर्यंत सहज, म्हणजे टेबलावर चाळीस सेंटिमीटर. भरधाव घोड्यांना तेवढी जमीन तोडायला अडीच-तीन मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात एक मशीनगन शेकडो गोळ्या झाडते. मग १९२० मध्ये तलवारीचा हल्ला यशस्वी व्हावाच कसा? फ्रान्समधल्या खंदकांसाठी लिहिलेले नियम या युद्धाला लावले तर घोडदळ दर डावात कापले जाते आणि खेळाडू नियमांना शिव्या देतात. उत्तर बंदुकीत नाही, जमिनीत आहे. या युद्धाची आघाडी हजार किलोमीटरच्या घरात होती आणि ती धरायला माणसे फार थोडी. फ्रान्समध्ये मशीनगनशेजारी मशीनगन होती. येथे दोन ठाण्यांमध्ये मोकळे रान. लढणाऱ्या सैन्याला बगल असे, ती उघडी असे, आणि घोडा तेथून आत शिरे. मशीनगनही घोड्यांबरोबर धावू लागली. चार चाकांच्या घोडागाडीवर मागे तोंड करून बसविलेली मॅक्सिम गन, म्हणजे ‘ताचान्का’, हे बुद्यॉनीच्या सेनेचे आवडते शस्त्र. तेव्हा माझ्या मते नियम असा हवा : समोरून, सावध असलेल्या मशीनगनवर हल्ला केला तर घोडदळ मोडावे, बगलेवरून किंवा चढाआड लपून आले तर मशीनगनवाल्यांची हिंमत फाशाने ठरावी.

सैनिकांच्या पेहरावाची आणि शस्त्रांची मोठी गंमत आहे. नवा पोलंड तीन साम्राज्यांच्या तुकड्यांतून जुळवलेला, त्यामुळे एकाच सैन्यात जर्मन माउझर, ऑस्ट्रियन मानलिखर, फ्रेंच लेबेल आणि रशियन मोसिन अशा चार जातींच्या रायफली, आणि प्रत्येकीची गोळी निराळी. हालरच्या सेनेतून आलेले शिपाई फ्रेंच निळसर गणवेषात, त्यांच्याबरोबर आलेले छोटे रेनॉ रणगाडेही फ्रेंच. खेळात यासाठी एकच साधा नियम पुरतो. पोलिश पलटणीने दोन पाळ्या सलग गोळीबार केला की फासा टाकावा. एक पडला तर दारूगोळा येईपर्यंत ती गप्प. बाहुल्या परदेशातून मागवाव्यात असे मुळीच नाही. जाड पुठ्ठ्यावर घोडेस्वार चितारून, कापून, लाकडी पट्टीत खोचले तरी काम भागते, आणि चित्रकला मंडळाला निमित्त मिळते.

आता खरी अडचण. कोमारूफची एका दिवसाची लढाई खेळून झाली की मनात येते, बुद्यॉनी ऑगस्टअखेर येथे काय करीत होता? त्याचा निर्णय व्हायचा होता वॉर्साला, पंधरा दिवस आधी. सरसेनापती कामेनेव्ह याने ११ आणि १३ ऑगस्टला हुकूम काढून घोडदळ सेनेला तुखाचेव्हस्कीच्या मदतीस उत्तरेकडे वळविण्यास सांगितले होते. पण नैर्ऋत्य आघाडीचा प्रमुख येगोरोव्ह आणि त्याचा राजकीय सहकारी स्तालिन यांचे डोळे ल्वूफ शहरावर होते. स्तालिनने हुकुमावर सही करण्याचे नाकारले, आणि वॉर्साचा निकाल लागत असता बुद्यॉनी ल्वूफसमोर झुंजत राहिला.

हे खेळात आणावयाचे कसे? ‘घोडदळ सेना वॉर्साला जाऊ शकणार नाही’ असा नियम लिहिला तर इतिहास जणू ब्रह्मलिखित ठरतो. नियम लिहिला नाही, तर लाल खेळाडू पहिल्याच पाळीत तिला उत्तरेकडे धाडतो, कारण पुढे काय झाले ते त्याला ठाऊक असते. दोन्ही खोटे. यावर माझ्या मते एकच प्रामाणिक उपाय आहे. लाल बाजूला एक नव्हे, दोन खेळाडू बसवावेत, एक तुखाचेव्हस्की आणि एक येगोरोव्ह. पहिल्याला वॉर्सा घेतल्याचे गुण, दुसऱ्याला ल्वूफ घेतल्याचे, आणि दोघांना एकमेकांशी बोलण्याची बंदी. चिठ्ठी पंचामार्फत जाईल, आणि ती किती पाळ्यांनी पोहोचेल ते फासा सांगेल. एवढे केले की स्तालिनसारखा हट्ट नियमात लिहावा लागत नाही, तो खेळाडूच्या मनात आपोआप उगवतो. ल्वूफ हातातोंडाशी आले असता दुसऱ्याच्या यशासाठी पाठ फिरवणारा माणूस आपल्या वर्गात तरी किती सापडेल?

आणि मग अंतरे मोजून पाहावीत. ल्वूफ ते वॉर्सा तीनशे किलोमीटरहून अधिक. दमलेल्या घोड्यांनी दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर जायचे म्हटले तरी नऊ-दहा दिवस. म्हणजे १३ ऑगस्टला निघालेली सेना वॉर्साला पोहोचेपर्यंत लढाई संपलेली. पण ल्वूफ ते लुब्लिन सुमारे दोनशेच किलोमीटर, सहा-सात दिवसांचा मार्ग. तेथे ती पिल्सुडस्कींच्या पिछाडीला भिडली असती. उशिरा, पण भिडली असती. ‘स्तालिनमुळे वॉर्सा हातचे गेले’ आणि ‘बुद्यॉनी पोहोचलाच नसता’ असे दोन पक्ष इतिहासकारांत आहेत. पटावर नकाशा पसरून घोड्यांची चाल मोजणाऱ्या विद्यार्थ्याला दोघांचेही म्हणणे किती पाण्यात आहे ते बोटाने दाखवता येते.

पोलिश खेळाडूचीही एक गोम आहे. यान कोवालेव्हस्की या तरुण अधिकाऱ्याने सोव्हिएत बिनतारी संदेशांची सांकेतिक लिपी फोडली होती, त्यामुळे पोलिश सेनापतींना शत्रूचे पुष्कळ हुकूम वाचता येत. ही गोष्ट सविस्तर प्रकाशात आली ती २००५ नंतर. त्यापूर्वीच्या पुस्तकांवरून बेतलेल्या खेळांत ती सापडत नाही. पंचाने लाल बाजूचा दर तिसरा हुकूम गुपचूप पोलिश खेळाडूला दाखवावा. हा अन्याय आहे, पण तो त्या युद्धातच होता. उलट, १६ ऑगस्टला लाल आघाडीत नेमकी कोठे फट होती ही आपली पुस्तकी माहिती मात्र त्याला मिळता कामा नये. त्यासाठी लाल खेळाडूला आपली मांडणी दोनशे किलोमीटरच्या पट्ट्यात हवी तशी बदलू द्यावी, आणि पटावर खऱ्या पलटणींबरोबर काही कोरे पुठ्ठेही पालथे ठेवावेत.

यात एक धोका आहे आणि तो आधीच पत्करावा लागतो. मोहीम अशी मोकळी सोडली तर कोमारूफची लढाई होणारच नाही असेही घडेल, आणि महिनाभर खपून रंगवलेले घोडे निराळ्याच गावाबाहेर लढतील. म्हणून पहिल्या डावात कोमारूफ जसे घडले तसे खेळावे आणि मोहीम नंतर घ्यावी.

पटावर गाव म्हणून चार पुठ्ठ्याची घरे ठेवतात. सैनिकाला आडोसा मिळतो, एवढाच त्यांचा उपयोग. इसाक बाबेल हा रशियन लेखक त्या वर्षी बुद्यॉनीच्या सेनेबरोबर वार्ताहर म्हणून हिंडत होता. लढाईच्या तीन दिवस आधी, २८ ऑगस्टला, तो कोमारूफमध्ये होता. आणि पोलंडच्या बाजूने लढणाऱ्या कोसॅकांनी तेथील ज्यू वस्तीत जी कत्तल केली तिची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. लाल स्वारांचे हातही स्वच्छ नव्हते, हेही त्यानेच लिहून ठेवले. याला गुण द्यावेत की वजा करावेत? मला दोन्ही अभद्र वाटते. घरांत माणसे आहेत असे पंचाने धरावे, सैन्य गावातून गेले की त्याची वहीत नोंद करावी आणि डावानंतर ती वाचून दाखवावी. फासा टाकू नये.

तसेच विजयाचे. डिसेंबर १९२० च्या कायद्याने पोलंडने या युद्धातील सैनिकांना पूर्वेकडच्या सीमाभागात जमिनी दिल्या. वीस वर्षांनी सोव्हिएत सत्ता तेथे आली आणि फेब्रुवारी १९४० मध्ये अशा वसाहतकऱ्यांची कुटुंबे प्रथम उचलून सायबेरिया आणि उत्तर रशियात धाडली गेली. तेथून सुटून इराणमार्गे जी पोलिश बायकामुले हिंदुस्थानात आली, त्यांतील काही हजार १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिली. कोमारूफला गुण जिंकणाऱ्या खेळाडूला हे सांगायचे की नाही, ते पंचाने ठरवावे. मी सांगीन.

राहता राहिली डावाची वेळ. ३१ ऑगस्टच्या सकाळी पोलंडची सातवी ब्रिगेड एकटीच भिडली होती, सहावी मागाहून आली. ती कोणत्या पाळीला टेबलावर येईल हे दर पाळीस फाशाने ठरवावे, आणि लाल बाजूच्या चार डिव्हिजनही एकदम न आणता एकामागून एक आणाव्यात, कारण घडले तसेच. दर दोन डावघटकांना चहासाठी थांबले तरी चार तासांत खेळ उरकतो. संध्याकाळची पाळी आली की, कोणी कितीही विनवणी केली तरी, थांबावे. त्या दिवशीही शेवटचा हल्ला सूर्य कलल्यावर झाला आणि पुढे बुद्यॉनीची सेना पूर्वेकडे निसटून गेली.