लाकडाला गंज चढत नाही

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न कंपनीच्या ३ फुटी नॅरोगेजवर लाकडी वाघिणी १९६०च्या दशकापर्यंत माल वाहत होत्या. मॉडेल करणाऱ्यांच्या त्या लाडक्या. १:८७ प्रमाणात त्यांचे रूळ जेमतेम साडेदहा मिलिमीटर अंतराचे होतात. दुकानातून आणलेली वाघीण मात्र खेळण्यासारखी चकचकीत असते. मग हौशी माणूस गंजाचा रंग काढतो आणि सगळी वाघीण माखून टाकतो. इथेच घोटाळा होतो. गंज फक्त लोखंडाला चढतो: बोल्ट, कड्या, दाराचे पट्टे. तिथून तो पावसाच्या पाण्याबरोबर सरळ खाली ओघळतो. लाकूड उन्हाने विटतं, रंगाचे पोपडे उडाले की राखाडी पडतं. म्हणून प्रत्येक फळी किंचित वेगळ्या छटेत रंगवावी. दुरुस्तीत बदललेली एखादी फळी नव्यासारखी ठेवली तर फारच छान.

लाकडाच्या रेषा कोरताना हात आवरावा. मॉडेलवरची अर्ध्या मिलिमीटरची खाच प्रत्यक्षात चार सेंटिमीटरहून खोल ठरते!

प्लास्टिकच्या जाड कड्यांऐवजी बारीक तारेच्या लावाव्यात. चाकं धातूची हवीत, म्हणजे वजनही सुधारतं. त्यांचा दर्शनी भाग मळकट रंगवावा, रुळावर टेकणारी कड चकचकीतच ठेवावी. धुळीसाठी खडूची पूड खालून वर विरळ होत जाईल अशी लावावी. वरून मॅट व्हार्निश मारलं की ती फिकी पडते, तेव्हा आधीच थोडी जास्त घ्यावी.