वरातीआधी पाय बघा

तुळशीचं लग्न लागलं की पुण्याच्या नगर रस्त्याचा रंग पालटतो. खराडी, चंदननगर, वाघोली, नदीपलीकडचं मुंढवा, सगळीकडची लॉन्स आणि मंगल कार्यालयं एकदम जागी होतात. बँड लागतो, पोरं नाचतात, फेट्याचा तुरा सावरत नवरदेव घोडीवर बसतो. मोबाइल सगळे त्याच्याकडे वळलेले. घोडीच्या गुडघ्याखाली कुणाची नजर जात नाही, आणि तिचं दुखणं बहुतेक वेळा तिथंच असतं.

ते वेळेत ओळखता येतं. त्यासाठी यंत्र लागत नाही. हात, डोळे आणि पाच मिनिटं पुरतात. वरातीची घोडी एका रात्रीत क्वचितच निकामी होते. आजच्या किरकोळ दुखण्यावर उद्याच्या वरातीची सुपारी वाजवली जाते, परवाचीही वाजवली जाते, आणि हंगाम संपेपर्यंत ती कायमची लंगडी झालेली असते.

तिच्या पायाखालची जमीनही बदलली आहे. खराडी १९९७ साली महापालिकेत आली. तोवर हे नदीकाठचं शेतीचं गाव होतं. इथून वाहणारी मुळा-मुठा पुढं भीमेला मिळते, आणि त्या भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी तट्टांनी मराठी घोडदळाला पाठीवर वाहिलं. बुटकी, काटक, टणक खुरांची ही जात. अलीकडे तिची राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली. ती तट्टं माळरानावर आणि डोंगरवाटांवर चालायची. आजच्या घोडीच्या पायाखाली काँक्रीट असतं, पेव्हर ब्लॉक असतात, गटाराची जाळी असते आणि चालू बांधकामांतून सांडलेले खिळे नि बाइंडिंगची तार असते. लोखंडी नाल गुळगुळीत पृष्ठभागावर सटकते. माथेरानमध्ये लाल मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवायला लागले तेव्हा घोडे घसरतात अशी तक्रार तिथल्या घोडेवाल्यांनी केली आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शहरातल्या वरातीच्या घोड्यांच्या पायाखालच्या रस्त्यांसाठी असं कुणी भांडल्याचं ऐकिवात नाही.

घोड्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर येतो. गुडघ्याखाली त्याला स्नायू जवळजवळ नाहीतच. नळीचं हाड, मागून खाली उतरणाऱ्या दोरखंडासारख्या कंडरा, सांध्यांचे बंध आणि वरून कातडी, एवढाच ऐवज. कंडरेला रक्त बेताचंच मिळतं, म्हणून ती एकदा फाटली की भरायला नऊ महिने ते वर्ष लागतं. सूज आठ-पंधरा दिवसांत ओसरते आणि मालकाला वाटतं, झालं, बरी झाली. खरा घात इथं होतो.

सकाळी खरारा करताना प्रत्येक पायावरून वरून खाली हात फिरवावा. उष्णता तपासायला हाताची मागची बाजू बरी. एकच पाय चाचपून काही कळत नाही. जोडीच्या पायाशी ताडून बघावं लागतं. निरोगी पाय गार लागतो आणि कंडरेच्या कडा बोटांना स्वच्छ जाणवतात. एका पायाची कड बोथट, भरल्यासारखी लागली तर घोडी लंगडत नसली तरी तिला थांबवायला हवं. खुराच्या वरच्या सांध्यामागं दोन्ही बाजूंना नाडी असते. एरवी ती शोधावी लागते. तिथं ठोके बोटावर आपटत असतील तर खुराच्या आत काहीतरी बिघडलं आहे.

मग चाल. कडक, सपाट जागेवर दोरी ढिली धरून घोडीला दुडक्या चालीनं पळवावं आणि समोरून बघावं. पुढचा दुखरा पाय टेकताना ती डोकं वर झटकते, चांगला पाय टेकताना खाली घालते. मागच्या पायाचं दुखणं असेल तर मागून बघावं. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. ही तपासणी बँड सुरू होण्याआधी व्हायला हवी. तालावर सतत पाय उचलणाऱ्या नाचऱ्या घोडीचं लंगडणं नाचात दडून जातं. उभी असतानाही बघावं. मागचा एक पाय आलटूनपालटून ढिला सोडणं हा घोड्याचा नेहमीचा आराम आहे. पुढचा एकच पाय सारखा पुढं टाकून ती उभी राहत असेल तर तो पाय दुखतो आहे.

काल धडधाकट असलेली घोडी आज पाय टेकवायलाच तयार नाही, असं झालं की हाड मोडलं म्हणून लोक घाबरतात. बहुतेक वेळा खुरात पू झालेला असतो. पाय उचलून, चिखल खरवडून, तळवा ब्रशनं धुऊन बघितला की कधी कधी एक काळा ठिपका दिसतो, मोहरीएवढा. तिथून खिळा किंवा तार आत गेलेली असते आणि बाहेर यायला वाट नसल्यानं पू आत दाब धरतो. डॉक्टर तिथं खूर कोरून वाट करून देतात आणि घोडी बऱ्याचदा दुसऱ्याच दिवशी पाय टेकते. खिळा अजून रुतलेलाच असेल तर तो लगेच उपटू नये. किती खोल आणि कोणत्या दिशेनं गेलाय हे डॉक्टरांना जागेवर दिसलं पाहिजे. तोवर पाय टेकून तो आणखी आत जाणार नाही एवढी काळजी घ्यावी. तळव्याच्या मध्यावर जी त्रिकोणी, मऊ पुतळी असते तिच्यात घुसलेला खिळा सर्वांत वाईट, कारण तिच्यामागं खुरातला सांधा आणि कंडरा आहे. आणि धनुर्वाताची लस. घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा पाळीव प्राणी क्वचितच असेल, तरी ही लस टाळली जाते.

पाय मुरगळला, सुजला, तर काम बंद आणि गार पाणी. नळीची बारीक धार पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन वेळा, पहिले दोन दिवस. पट्टी बांधायची तर खाली कापसाचा जाड, सारखा थर हवा. नुसती आवळलेली पट्टी स्वतःच कंडरेला इजा करते. ताज्या सुजेवर गरम शेक, तिखट मलम किंवा जोराचं चोळणं नको. डाग देण्याची जुनी रीत तर पूर्ण सोडून द्यावी. तापलेल्या लोखंडानं कंडरा लवकर भरत नाही, वर एक जखम तेवढी वाढते.

सांध्याजवळच्या बारीक जखमेला कुणी हसू नये. तिच्यातून पिवळसर, चिकट पाणी येत असेल तर सांधा उघडा पडला असण्याची शक्यता आहे आणि इथं तासांचा हिशेब असतो.

वेदनाशामक इंजेक्शन देऊन घोडी वरातीला उभी करणं हा मला यातला सर्वांत मोठा अपराध वाटतो. दुखणं हीच तिची एकमेव राखण असते. ती काढून घेतली की अर्धवट फाटलेल्या कंडरेवर ती पूर्ण भार टाकते.

एक पाय वाचवताना दुसरा जातो, हेही घडतं. अमेरिकेतला बार्बारो हा घोडा २००६ च्या केंटकी डर्बी शर्यतीचा विजेता. दोनच आठवड्यांनी पुढच्या शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. शस्त्रक्रिया झाली, उत्तम रुग्णालय मिळालं. पण भार पेलणाऱ्या इतर पायांच्या खुरांत दाह झाला, खुराचं कवच आतल्या हाडापासून सुटू लागलं आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला मरण द्यावं लागलं. हाच खूरदाह फार चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, खाल्ल्यानं, लठ्ठपणानं आणि कडक रस्त्यावरच्या सततच्या आदळण्यानंही होतो. अशी घोडी पुढचे पाय पुढं टाकून, मागं रेलून उभी राहते. तिला चालवू नये. मऊ अंथरूण द्यावं, चंदी बंद करून फक्त चारा ठेवावा आणि डॉक्टरांना बोलवावं.

ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ काम बंद. काटेरी लगामालाही बंदी आहे. पण घोडीवाल्याचं वर्षाचं पोट लग्नतिथींवर भरतं, त्यामुळं नुसता नियम दाखवून ही गोष्ट सुटत नाही. आठ दिवस घोडी बांधून ठेवायची म्हणजे त्याच्या आठ सुपाऱ्या बुडतात.

म्हणून ही विनंती लग्नघरांना आहे. यंदा घोडी ठरवलीत तर नवरदेव चढण्याआधी मालकाला सांगा, पंधरा-वीस पावलं पळवून दाखवा. डोकं झटकताना दिसली, पाय गरम लागला, तर वाद घालू नका. ठरलेले पैसे पूर्ण द्या, जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन लावून द्या आणि वरात मोटारीतून काढा.